‘कूळ’ कोणाचे? एका शेतीशब्दाचा शोध

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी आपली म्हण आहे. ती ऋषींच्या सोयीची आहे. शेतकऱ्याला मात्र आपले कूळ वारंवार सिद्ध करावे लागते, आणि तेही तहसीलदारापुढे. या लेखात मला ‘कूळ’ या शब्दाचेच मूळ शोधायचे आहे.

अलिबागच्या खारेपाटात वाढलेल्या माझ्या पिढीच्या कानांवर हा शब्द दोन ठिकाणी पडे. लग्न जमवताना मोठी माणसे कूळ विचारीत, म्हणजे वंश, देवक, कुळदैवत. तलाठ्याकडे गेले की तोही कूळ विचारी, म्हणजे जमीन कोण कसतो आणि खंड कोणाला देतो. एकाच शब्दाने घराण्याची प्रतिष्ठाही सांगायची आणि दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाराही सांगायचा, हे कसे घडले? कोश उघडले तर अर्थ आणखी वाढतात. मोल्सवर्थच्या १८५७च्या आवृत्तीपासून दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशापर्यंत वंश, रयत, खंडकरी, ऋणको, वकिलाचा अशील असे अर्थ या शब्दाच्या पोटात आहेत. पण कोशाचे काम अर्थ शेजारीशेजारी मांडण्याचे असते. एका अर्थावरून दुसऱ्यावर भाषा कोणत्या पायऱ्यांनी उतरली, हे तो सांगत नाही. त्या पायऱ्या आपणच शोधायच्या असतात.

परका नव्हे, घरचा शब्द

आधी एक शंका दूर करू. तुर्की भाषेत ‘कुल’ म्हणजे गुलाम, दास. गोवळकोंड्याच्या कुली कुतुबशाहाच्या नावातला ‘कुली’ याच घराण्यातला. राबणाऱ्याला कूळ म्हणतात, तेव्हा हा शब्द सुलतानी अमलात बाहेरून आला असेल, असे कोणालाही सुचेल. अर्थ जुळतो आणि काळही जुळल्यासारखा वाटतो. पण उच्चार जुळत नाही.

संस्कृतातल्या दोन स्वरांमधल्या एकट्या ‘ल’चा मराठीत ‘ळ’ होतो. फल-फळ, जल-जळ, काल-काळ, कुल-कूळ. जोडाक्षरातून आलेला ‘ल’ मात्र ‘ल’च राहतो. म्हणून समय या अर्थाचा ‘काळ’ आणि गेलेल्या दिवसाचा ‘काल’ (मूळ कल्य) हे आपण वेगळे बोलतो. फारसी-अरबीतून आलेले शब्द सहसा या वाटेने जात नाहीत. माल, साल, वकील, दलाल, महाल यांचा ‘ल’ जागचा हलला नाही. जमिनीच्या व्यवहारातच याची चांगली जोडी सापडते. ‘कुलमुखत्यारपत्र’ यातला ‘कुल’ अरबी आहे, त्याचा अर्थ ‘सर्व’. ‘कुळकायदा’ यातले ‘कुळ’ संस्कृतातून प्राकृतमार्गे आलेले. दोन्ही कागद एकाच कचेरीत, एकाच टेबलावर असतात, पण ल आणि ळ त्यांची जात वेगळी सांगतात. ‘मालक’ हा शब्दही अरबीच. म्हणजे कसणाऱ्याचे नाव या मातीत झिजून घडलेले आहे आणि धन्याचे नाव मागाहून आलेले आहे. यावरून मालकीचा निकाल लागत नाही. पण कूळ हा शब्द दास्याच्या परक्या शब्दातून आलेला नाही, इतके नक्की ठरते.

गावाची मोजणी कुळांवर

मग वंशवाचक ‘कुल’ शेतात कसे उतरले? माझे म्हणणे असे की ते वरून उतरले नाही, ते शेतातच होते. कौटिल्याचे अर्थशास्त्र पाहावे. नवीन मुलूख वसवताना गाव केवढे असावे, याचे त्यात माप आहे. गावात बहुतेक शेतकरी असावेत आणि कमीत कमी शंभर, जास्तीत जास्त पाचशे कुले असावीत. तिथे कुल म्हणजे कीर्तिवंत घराणे नव्हे. एक चूल, एक नांगर, एक कसणारे कुटुंब म्हणजे कुल. राज्य गाव मोजते ते माणसांवर नव्हे, घरांवर.

मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात तर कुल हे जमिनीचेच माप झाले आहे. दहा गावांच्या अधिकाऱ्याला वेतनादाखल एक कुल द्यावे, वीस गावांच्या अधिकाऱ्याला पाच. टीकाकार कुल्लूक सांगतो की सहा बैलांचा एक नांगर, अशा दोन नांगरांनी जेवढी जमीन वाहता येते तेवढी म्हणजे एक कुल. एका घराला पोसणारी जमीन तीही कुल, आणि ती वाहणारे घर तेही कुल. आज आपण म्हणतो, ‘त्यांची दोन नांगरांची शेती आहे.’ तोच हा हिशेब.

आपल्या शेजारच्या भाषांतही घराचा शब्द असाच शेतकऱ्याचा होतो. तमिळमध्ये ‘कुडि’ म्हणजे घर, कुटुंब आणि रयतही. पिकातला कसणाऱ्याचा वाटा तो ‘कुडिवारम्’, धन्याचा तो ‘मेल्वारम्’. कन्नडमध्ये ‘ओक्कलु’ म्हणजे राहते घर, बिऱ्हाड, आणि शेतकरी व कूळही. ‘ओक्कलिग’ हे नाव त्यावरूनच. आपल्याकडे ‘कुणबी’ हा शब्द ‘कुटुंबिन्’वरून आला, असे बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. दूर युरोपातही हेच दिसते. इंग्रजीतला ‘हजबंड’ मुळात घरधनी. त्यावरून शेतीला ‘हजबंड्री’ म्हणू लागले, बायकोचा नवरा हा अर्थ नंतर रूढ झाला. शेती ही एकट्या माणसाची गोष्ट कधीच नव्हती. आवणीला एकटा माणूस उभा राहू शकत नाही, हे कोकणात कोणाला सांगायला नको.

या जुन्या अर्थाची खूण व्याकरणाने जपून ठेवली आहे. खोत पुल्लिंगी, मालक पुल्लिंगी, सावकार पुल्लिंगी; कूळ मात्र नपुंसकलिंगी. ‘तो कूळ’ नव्हे, ‘ते कूळ’. दाढीमिशीच्या माणसाला आपण नपुंसकलिंगी शब्दाने हाक मारतो, कारण शब्दाच्या लेखी तो माणूस नव्हे, ते घर आहे. त्यात बाई आहे, पोरे आहेत, भाऊ आहेत, बैलही आहेत.

ज्ञानेश्वरीतला जमिनीचा तंटा

‘कूळ’ हा शब्द कसणाऱ्याच्या अर्थाने मराठीत किती जुना आहे? याचे उत्तर अनपेक्षित जागी मिळते. ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय हा क्षेत्र-क्षेत्रज्ञाचा. गीतेत क्षेत्र म्हणजे शरीर. ज्ञानदेवांनी ‘क्षेत्र’ हा शब्द शब्दशः घेतला आणि हे शेत कोणाचे, यावर वादी उभे केले. तत्त्वज्ञानाचे अभ्यासक तिथे जीववाद, सांख्य, स्वभाववाद, काळवाद वाचतात. ते योग्यच आहे. पण गावात वाढलेल्या वाचकाला तो जमिनीचा दावा दिसतो.

पहिला वादी म्हणतो, ही जागा समूळ जीवाची आणि प्राण हे त्याचे कूळ. त्या प्राणाच्या घरी चार भाऊ अंगमेहनत करतात, म्हणजे अपान, व्यान, उदान आणि समान. मन हा कुळवाडी सांभाळणारा. इंद्रिये हे बैल. अवस म्हणू नये, पहाट म्हणू नये, विषयाच्या शेतात त्यांची राबणूक चालू. कर्तव्याचा वाफसा चुकवून अन्यायाचे बी पेरले आणि कुकर्माचा राब केला, तर पाप अमाप पिकते आणि जीव कोटी जन्म दुःख भोगतो. विधीच्या वाफशावर सत्क्रिया पेरली, तर शेकडो जन्म सुखाची मापे भरतात.

इथे ‘राब’ हा शब्द येतो, हे आमच्या भागातल्या वाचकाने लक्षात घ्यावे. पालापाचोळा, कवळ, शेण पसरून उन्हाळ्यात भाजायचे आणि त्या राखेवर भाताचे रोप धरायचे, हा राब रायगडात आजही भाजला जातो. शब्दांची ही निवड हौशी माणसाची नाही. कूळ, कुळवाडी, बैल, वाफ, राब हे शब्द त्यांच्या कामाच्या क्रमाने येतात.

पण खरी गंमत दुसऱ्या वाद्याच्या उत्तरात आहे. तो पहिल्याचा दावा दोन्ही बाजूंनी खोडतो. जीव इथला मालक नाही, तो वाटेने जाताना वस्तीला उतरलेला उपरा. प्राण हे कूळही नव्हे, तो बलुतेदार, म्हणून जागत बसतो. शेत खरे प्रकृतीचे, ती तिची वृत्ती, म्हणजे वतन. तिच्याकडे घरचा मेळावा आहे, म्हणून ती वाहिवा घरीच करते.

हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो ना? समोरचा मालक नाही, पाहुणा आहे. कसणारा कूळ नाही, पगारी किंवा बलुत्याचा माणूस आहे. आणि जमीन आमच्या घरची माणसेच वाहतात. कुळकायद्याच्या दाव्यांत जमीनमालकाच्या बाजूने नेहमी मांडले जाणारे तीनही मुद्दे या काही ओव्यांत आले आहेत. ‘घरचा मेळावा’ म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘जातीने कसणे’. ‘वाहिवा’ आणि आपली ‘वहिवाट’ हे शब्दही शेजारीच नांदतात.

ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९०ची. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला तो १२९६ साली. तुर्की व्युत्पत्तीची उरलीसुरली शंका इथे संपते. कोणी म्हणेल की आज आपण वाचतो ती संहिता एकनाथांनी १५८४ साली शुद्ध केलेली आहे, शब्द मागाहून शिरला असेल. एखादा सुटा शब्द शिरू शकतो. पण कूळ काढले तर चार भाऊ, बैल, राब आणि पुढे बलुत्याचे उत्तर, हे सगळे रूपकच कोसळते. दुसऱ्या वाद्याचे खंडन पहिल्याच्या ‘कूळ’ या शब्दावरच उभे आहे.

आणखी एक गोष्ट. या जागी कुळाला हिणकस छटा नाही. कूळ म्हणजे चार भावांचे राबते घर. धनी वेगळा आहे, पण कूळ कोणाचे देणेकरी म्हणून आलेले नाही, कर्ते म्हणून आलेले आहे. मग ती छटा आली कुठून?

शब्द खात्यात शिरतो

ती शेतातून आली नाही, लेखणीतून आली. ‘कुळकर्णी’ या शब्दातच ते दडलेले आहे. करण म्हणजे लेखन, हिशेब. कुळांचे हिशेब लिहिणारा तो कुळकर्णी. मराठेशाहीच्या दप्तरात ‘कुळवार’ आकारणी, ‘कुळझाडा’, ‘कुळघडणी’ असे शब्द आहेत. प्रत्येकात कूळ म्हणजे कागदावरची एक ओळ. डावीकडे नाव, उजवीकडे येणे. सरकारला त्या घरात किती भाऊ राबतात याच्याशी कर्तव्य नाही. किती दाणा यायचा आहे, याच्याशी आहे.

एकदा कूळ म्हणजे ‘ज्याच्याकडून येणे आहे ते खाते’ असे झाले की पुढच्या पायऱ्या सोप्या होतात. सावकाराने तीच वहीची रीत उचलली, म्हणून ऋणको त्याचे कूळ झाला. ‘कूळ बुडाले’ म्हणजे वंश बुडाला नव्हे, वसुली बुडाली. वकिलाने तीच रीत घेतली, म्हणून अशील त्याचे कूळ झाला. वंश, रयत, ऋणको, अशील हे अर्थ कोशात विस्कळीत दिसतात. वहीच्या पानावर ठेवले तर एका रांगेत बसतात. घराचा शब्द खात्याचा झाला. घर मोठे होते, ओळ अरुंद होती. त्या ओळीत घरातली बाई मावली नाही, धाकटे भाऊ मावले नाहीत. एका पुरुषाचे नाव तेवढे उरले.

या घसरणीला उलटा जोर देण्याचा एक प्रयत्न जोतीराव फुल्यांनी केला. १८६९च्या शिवाजी महाराजांवरील पवाड्यात त्यांनी महाराजांना ‘कुळवाडीभूषण’ म्हटले. कोकणात कुळवाडी म्हणजे कुणबी, आणि उच्चवर्णीयांच्या तोंडी तो शब्द हलका. राजाचा मोठेपणा क्षत्रिय कुळात न शोधता कुळवाड्यात शोधायचा, ही या शब्दाची खरी समीक्षा होती. घराण्याचे कूळ आणि शेताचे कूळ ही एकच गोष्ट आहे, हे त्यांनी एका समासात सांगितले.

चरीचा संप : ओळीसाठी लढा

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. धरमतरच्या खाडीलगतच्या खारेपाटात भातशेती म्हणजे समुद्राशी रोजचे भांडण. बांध घालायचा, उधाणाला फुटला की पुन्हा घालायचा, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढायचे, तेव्हा कुठे भात. अशी जमीन कसणारा एक हंगाम चुकला की खारे पाणी आत येते आणि तिवरे उगवतात. म्हणजे इथे कूळ नुसते पीक काढत नाही, जमीन जमीन राहते ती त्याच्यामुळे.

आणि तरीही त्याचे नाव कागदावर नसे. खोताबरोबर मुदतीची कबुलायत होई आणि अर्धेलीने भात जाई. खोताने मनात आणले की पुढच्या वर्षी दुसरे कूळ. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. पंचवीस गावे त्यात उतरली. खोतांच्या जमिनी कसायच्याच नाहीत, असे ठरले, आणि ते १९३९पर्यंत चालले. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेला आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी ‘कृषीवल’ हे पत्र निघाले.

या संपाकडे खंडाच्या दराचा लढा म्हणून पाहिले जाते. तो होताच. पण शब्दाच्या अंगाने पाहिले तर मागणी अधिक खोल होती: आम्हाला कूळ म्हणून लिहा. ज्या वहीने घराची ओळ केली, त्याच वहीत ओळ हवी होती. कारण ओळ नसेल तर कसणारे घर कायद्याच्या लेखी शेतात नसतेच. दरवर्षी नव्याने उगवते आणि कापणीनंतर नाहीसे होते. १९३९च्या मुंबई कूळ कायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही संज्ञा आणली. ज्या शब्दाचा अर्थ देणेकरी असा झाला होता, त्याला पहिल्यांदा ‘संरक्षित’ हे विशेषण लागले.

कायद्यातले कूळ

१९४८चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम हा या शब्दाचा सर्वांत प्रभावी कोश म्हणावा लागेल, कारण त्यातल्या अर्थाने जमिनी इकडच्या तिकडे झाल्या. त्याच्या चौथ्या कलमाची रचना पाहावी. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा तो कूळ मानायचा. मात्र तो मालकाच्या कुटुंबातला नसावा, रोख किंवा धान्यावर राबणारा चाकर नसावा (पिकाच्या वाट्यावर कसणारा मात्र चालेल), कब्जेगहाणदार नसावा.

पहिली अटच पाहा. जो धन्याच्या कुळातला नाही, तोच कूळ होऊ शकतो. दोन हजार वर्षांपूर्वी कुटुंब या अर्थाने निघालेला शब्द इथे कुटुंबाबाहेरचा या अर्थाला येऊन पोचला. दुसरी अट म्हणजे ज्ञानेश्वरीतल्या दुसऱ्या वाद्याचा मुद्दा: हा कूळ की बलुत्याचा माणूस? सहाशे-साडेसहाशे वर्षांनी तोच प्रश्न कलम होऊन आला.

पण हाच कायदा शब्दाला अर्धा वळवून परतही आणतो. चाळिसाव्या कलमाने कुळाचा हक्क त्याच्या वारसांकडे जातो. बत्तिसाव्या कलमाने १ एप्रिल १९५७ या दिवशी कूळ हे जमिनीचे खरेदीदार मानले गेले. साध्या कुळासाठी किंमत आकाराच्या वीस ते दोनशे पटींत, तीही हप्त्याने. वारसा आला की कूळ पुन्हा घर झाले. धन्याच्या कुळाबाहेर असल्यामुळे जो कूळ ठरला, त्याचे स्वतःचे कूळ त्या जमिनीवर चालू लागले. १९४९च्या कायद्याने खोती गेली आणि ‘खोत’ हे आडनाव होऊन उरले. ‘कूळ’ मात्र सातबाऱ्यावर ‘कूळ, खंड व इतर अधिकार’ या रकान्यात अजून जिवंत आहे.

लागलेले कूळ

आज अलिबाग, मुरुड, उरणच्या बाजूला जमिनीचे भाव कुठच्या कुठे गेले आहेत. दलालाच्या तोंडी एक वाक्प्रचार ऐकू येतो: ‘जमिनीला कूळ लागलेय.’ हे क्रियापद नीट ऐकावे. मराठीत कीड लागते, ग्रहण लागते, नजर लागते, भूत लागते. तसेच कूळ लागते. कूळ लागू नये म्हणून कित्येकांनी जमिनी पडीक ठेवल्या, आणि खारेपाटात पडीक म्हणजे काही वर्षांत तिवरांचे रान. कुळाच्या जमिनीच्या विक्रीवर त्रेचाळिसाव्या कलमाचे बंधन होते. २०१४च्या दुरुस्तीने खरेदीला दहा वर्षे झाली असतील, तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून ते सुटते. चरीच्या पणतवंडांपैकी काही जण आता विकणारे आहेत. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. हक्कात विकण्याचा हक्कही येतो. पण समुद्राला अडवणारा बांध घालणारे घर शेतातून उठले की नव्या धन्याला जमीन मिळते, कूळ मिळत नाही.

व्युत्पत्तीने कोणाचा दावा जिंकता येत नाही. तहसीलदार पावत्या बघतो, ओव्या बघत नाही. तरीही शब्दाचा इतिहास एक गोष्ट सांगतो, जी सातबारा सांगत नाही. कूळ म्हणजे जमिनीवर बसलेला बोजा, हा अर्थ वहीत जन्मला आणि दलालीत वाढला. त्याच्या खूप आधी, कौटिल्याच्या गावात आणि ज्ञानदेवांच्या शेतात, कूळ म्हणजे जमिनीला जमीनपण देणारे घर होते. जमिनीला कूळ लागत नाही. कूळ लागते म्हणून ती जमीन असते.